आर्किटेक्चरची फी माफ झाली, तरी वरचा खर्च किती धरावा?

प्रश्न – पालक, सांगली
माझ्या मुलीला बी.आर्क. करायचे आहे. आम्ही ओबीसी प्रवर्गातील असून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. त्यामुळे कॅपमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) जागा मिळाल्यास, २०२४-२५ पासून मुलींना लागू झालेल्या सवलतीनुसार, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरावे लागणार नाही. मात्र शेजाऱ्यांचा मुलगा याच शाखेत आहे आणि त्याचे वडील म्हणतात, "फी सोडून बोला." माहितीपत्रकात न दिसणारा हा खर्च नेमका कशावर होतो? इतर शाखांतही असेच असते का?

उत्तर – टी-स्क्वेअर, पुणे
शेजारी बरोबर सांगत आहेत. ड्रॉइंग बोर्ड, स्केल, पेन ही खरेदी एकदाच होते. खरा पैसा जातो तो सबमिशनच्या आठवड्यात. ए-वन आकाराची शीट प्लॉट करून (म्हणजे मोठ्या कागदावर छापून) न्यावी, सरांनी लाल पेनाने त्यातला जिना हलवावा आणि दुसऱ्या दिवशी तीच शीट पुन्हा प्लॉट करावी, हे पाचव्या वर्षापर्यंत चालते. मॉडेलचेही तसेच आहे. उताराची जागा दाखवायची म्हणजे सनबोर्डचे (फोमच्या हलक्या फळीचे) थर कापून एकावर एक चिकटवायचे. हाताने कापले तर रात्र जाते, लेझर कटिंगला दिले तर पैसे जातात. माझे तिसऱ्या वर्षाचे मॉडेल ज्यूरीनंतर (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणानंतर) पंधरा दिवस वर्गाच्या खिडकीत धूळ खात पडले होते. पुढे शिपायाने ते रद्दीत टाकले.

अभ्यासदौरे वेगळेच. आम्ही अहमदाबादला ल कॉर्बुझिए आणि लुई कान या जगप्रसिद्ध वास्तुविशारदांच्या इमारती पाहिल्या. तो खर्च मी आजही आनंदाने करीन, पण तो कोणत्याही सवलतीत बसत नाही. प्रशिक्षणाच्या सत्रात मिळणारे विद्यावेतन आमच्या वेळी खोलीभाड्यालाही पुरले नव्हते. सॉफ्टवेअरची मात्र धास्ती नको, कारण ऑटोकॅड आणि रेव्हिट ही आराखडे काढायची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. ती चालवणारा दमदार लॅपटॉप तेवढा घ्यावा लागतो.

उत्तर – दंतवैद्य, नाशिक
बीडीएसमध्ये हत्यारांचा संच, मेण, ॲक्रिलिक हे सारे विद्यार्थ्याच्याच खिशातून येते. शिवाय ठरलेल्या संख्येने रुग्ण पूर्ण केल्याशिवाय सत्र मान्य होत नाही, आणि कवळी बसवायला रुग्णाला पाच-सहा वेळा यावे लागते. सिन्नरहून येणाऱ्या माझ्या एका वृद्ध रुग्णाचे एसटीचे भाडे प्रत्येक खेपेला मीच दिले, कारण ते मध्येच थांबले असते तर माझी केस पहिल्यापासून सुरू झाली असती.

उत्तर – प्राध्यापक, लातूर
बी.एस्सी.चा खर्च पदवीनंतर समोर येतो. एम.एस्सी.ची दोन वर्षे, मग प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट या पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर काम करत काढलेली वर्षे कोणी हिशेबात धरत नाही.

प्रश्नकर्ते
सर्वांचे आभार. बोर्ड आणि लॅपटॉप पहिल्याच वर्षी घ्यावा का?

टी-स्क्वेअर, पुणे
लॅपटॉप दुसऱ्या वर्षी घ्या. पहिल्या वर्षी आमच्याकडे बहुतेक काम हातानेच होते. बोर्ड नवा घेऊच नका. पाचव्या वर्षाच्या मुली जूनमध्ये हॉस्टेल सोडताना तो निम्म्या किमतीत देतात, आणि उरलेला माउंट बोर्ड वर फुकट मिळतो.