मदत हवी आहे: डाळ-दूध बंद करूनही आईचे फॉस्फरस उतरत नाही

कोपरीकर:
आईच्या रक्तातले फॉस्फरस मागच्या महिन्यात ६.४ होते, ते आता ६.८ झाले आहे. डाळ, दूध, शेंगदाणे असे सगळे बंद केले असताना आणखी काय बंद करावे, हे कृपया लवकर सांगावे, कारण परवा डॉक्टरांकडे जायचे आहे.

नेरुळवासी:
मातोश्रींचे डायलिसिस सुरू आहे की नाही, हे आपण लिहिलेलेच नाही. सुरू असेल तर प्रथिने जास्त लागतात, त्यामुळे सरसकट डाळ बंद करणे अंगाशी येऊ शकते. फॉस्फरस बांधणारी गोळी त्या कधी घेतात?

कोपरीकर:
डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. गोळी अर्थातच चालू आहे.

वाशीची_सुगरण:
माझ्या सासऱ्यांना आम्ही रोज नाचणीची भाकरी देतो आणि सकाळी धण्याचे पाणी देतो. त्यांना उत्तम मानवले आहे.

नेरुळवासी:
नाचणीतही फॉस्फरस असतेच, आणि डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून द्यावे लागते. धण्याचे झाले तरी ते पाणीच.

वाशीची_सुगरण:
धान्य-कडधान्यांतले फॉस्फरस बरेचसे फायटेटच्या, म्हणजे सहज न पचणाऱ्या रूपात असल्यामुळे निम्म्याहून कमी अंगी लागते, असे आमच्या आहारतज्ज्ञांनी सांगितले होते. मग आपण डाळीची बाजू घेता आणि नाचणीला नावे ठेवता, हा कुठला न्याय?

सानपाडा_७:
कमी सोडियमचे मीठ वापरू नये, त्यात पोटॅशियम असते.

घोडबंदर_रोड:
पोटॅशियमचे येथे कोणी विचारलेले नाही. सुगरणबाईंचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि त्याची दुसरी बाजू अशी, की तयार पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळेच शोषले जाते. वेष्टनावर फॉस्फरसचे प्रमाण सहसा छापत नाहीत, म्हणून घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे फॉस्फेटचे सांकेतिक आकडे शोधावेत. काळ्या शीतपेयांत, चीजमध्ये आणि बेकरीच्या मालात ते हटकून भेटतात. आई दुधाऐवजी काय खातात?

कोपरीकर:
पोळीबरोबर चीजचा क्यूब देतो. आत्ताच डबा पाहिला, ३३९ आणि ४५२ दोन्ही आहेत. गोळी, म्हणजे सेव्हेलॅमर, सकाळी अनशापोटी थायरॉईडच्या गोळीबरोबर देतो, म्हणजे विसरायला होत नाही.

नेरुळवासी:
मी पहिल्याच प्रतिसादात हेच विचारले होते. ती गोळी अन्नातले फॉस्फरस आतड्यात धरून ठेवते, त्यामुळे जेवणाबरोबर घेतली तरच उपयोग. रिकाम्या पोटी ती धरणार काय? शिवाय ती थायरॉईडचे औषधही शोषू देत नाही, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. डॉक्टरांना वेळांसकट सगळे सांगावे.

कोपरीकर:
थायरॉईडचा आकडाही गेल्या तपासणीत बिघडलेलाच होता, आणि आम्ही त्याचा दोष कोबीला देऊन बसलो होतो. परवा दोन्ही चिठ्ठ्या आणि चीजचा डबा घेऊन जातो. डाळ पुन्हा सुरू करायची तर वाटीभर की अर्धी वाटी, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.