पीटेड सिंगल मॉल्ट: कोणती आणावी, कशी चाखावी?

निशिगंध
नमस्कार मंडळी. बहीण डिसेंबरात लंडनहून ठाण्याला येते आहे, माझ्यासाठी दोन बाटल्या आणते म्हणाली. आमचा चार मित्रांचा जुना कट्टा आहे. आजवर आम्ही ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट अशी स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागाकडची गोडसर, फळांच्या अंगाने जाणारी मॉल्ट व्हिस्की प्यायलो. मध्यंतरी एका ठिकाणी लफ्रॉइग १० (म्हणजे दहा वर्षं बॅरलमध्ये मुरलेली) चाखायला मिळाली. ही पीटेड, म्हणजे पीटच्या (दलदलीत साचलेल्या वनस्पतींच्या मातकट इंधनाच्या) धुरावर वाळवलेल्या बार्लीची. ग्लास नाकाशी नेला तर टिंक्चर आयोडीन, जळकं लाकूड आणि खारा वारा, सगळं एकदम अंगावर आलं. एका मित्राने तिथेच ग्लास खाली ठेवला. मला मात्र त्यात काहीतरी आहे असं सारखं वाटत राहिलंय आणि ते नीट समजून घ्यायचंय.

दोन बाटल्या कोणत्या सांगू? फार महागड्या नकोत. सगळीकडे धुराचे पीपीएमचे (दहा लाखांत किती भाग) आकडे दिसतात, तर सरळ मोठा आकडा बघून आर्डबेग घ्यावी का? आणि ती चाखायची कशी, तेही सांगा. नुसती पिऊन संपवायची नाहीये.

घोटभर
टॅलिस्कर १०. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के मद्यार्क (अल्कोहोल). धूर आहे पण अंगावर येत नाही, आणि घोट गिळताना घशात काळ्या मिरीचा जो तिखटपणा येतो तो दुसऱ्या कुठल्या मॉल्टमध्ये मला मिळालेला नाही. ग्लास खाली ठेवणारा तुमचा मित्रही ही पिईल.

कातळकडा
टॅलिस्कर उत्तमच, पण निशिगंध यांना लफ्रॉइगनेच ओढ लावली आहे ना? मग पायरी-पायरीने चढायचं कशाला. आर्डबेग १० घ्या. ४६ टक्के, थंड करून गाळलेली नाही, त्यामुळे तेलकटपणा शाबूत राहतो. धुराच्या मागून लिंबाच्या सालीचा ताजेपणा येतो. माझ्या मते या किमतीत इतकी सच्ची मॉल्ट दुसरी नाही.

पैलतीर
आर्डबेगबद्दल कातळकडांशी सहमत. पण ती मोठ्या आकड्यासाठी घेऊ नका, हे मला जरा सविस्तर लिहायचं आहे. मी गेली काही वर्षं एडिनबरात राहतो आणि संधी मिळेल तेव्हा आयलाला, म्हणजे धुरकट व्हिस्कीच्या स्कॉटिश बेटावर, जातो.

पीपीएम हा आकडा बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो, भट्टीत वाळवलेल्या मॉल्टचा असतो. भिजवून मोड आणलेलं बार्ली ओलं असताना खाली पीट जाळतात आणि धुरातली फिनॉल्स (धुरकट वास देणारी रसायनं) दाण्याच्या टरफलाला चिकटतात. ती मोजली की झाला पीपीएम. त्यानंतर दळणं, गरम पाण्यात भिजवणं, आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन आणि मग बॅरलमधली वर्षं. प्रत्येक टप्प्यावर फिनॉल्स गळत जातात आणि किती गळतात हे प्रत्येक डिस्टिलरीत वेगळं. ब्रुइक्लाडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर ८.३ या व्हिस्कीचा आकडा होता ३०९. आर्डबेगचा साधारण ५५. म्हणून काही ऑक्टोमोर जिभेला पाच-सहा पट धुरकट लागत नाही.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण. लगावुलिन आणि कल ईला. दोन्ही आयलाच्या, मालक एकच, आणि दोघींचा मॉल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंग्जमधून (मॉल्ट बनवण्याच्या कारखान्यातून) येतो, साधारण ३५ पीपीएमचा. तरी लगावुलिन १६ जड, गोड, धुराने गच्च, आणि कल ईला १२ फिकट, स्वच्छ, लिंबाळ, खारट. हा फरक पीटचा नाहीच. लगावुलिनची तांब्याची भांडी बुटकी, पेअरच्या आकाराची, आणि ऊर्ध्वपातन अगदी संथ चालतं. कल ईलाची भांडी उंच. तिथे जड वाफा वर जाता जाता तांब्याला लागून पुन्हा खाली येतात आणि हलका माल पुढे जातो. पुढे लगावुलिन बॅरलमध्ये चार वर्षं जास्त राहते, त्याचाही भाग असतोच.

म्हणून माझा सल्ला: कल ईला १२ आणि लगावुलिन १६, ही जोडी आणा. शेजारी-शेजारी ठेवून चाखा. धूर ही एकच गोष्ट नाही, आणि धुराखाली काय आहे ते शोधायचं असतं, हे या दोन ग्लासांतून जितकं कळतं तितकं दहा वेगवेगळ्या बाटल्यांतून कळत नाही. दोन्ही ४३ टक्के आहेत, त्यामुळे तुलनाही सरळ होते.

रसायनी
पैलतीर, सुरेख लिहिलंत. माझ्या विषयाशी लागून आहे म्हणून थोडी भर घालते.

निशिगंध यांना जो दवाखान्याचा वास आला तो मुख्यतः क्रेसॉल्स या फिनॉल्सचा. फरशी पुसायच्या काळ्या फिनेलच्या वासातही हीच मंडळी असतात. चुलीच्या धुराचा, किंचित गोडसर वास ग्वायकॉल या दुसऱ्या फिनॉलचा. लवंगेसारखा मसालेदार वास येतो तो त्याच्याच भावंडांचा. पीट कुठलं, त्यात शेवाळ किती आणि लाकूड किती, यावर हे प्रमाण ठरतं. आयलाच्या पीटचा औषधी वास आणि ऑर्कनी बेटांवरच्या हायलंड पार्क डिस्टिलरीचा हेदर (माळरानावरचं झुडूप) फुलांचा मऊ धूर वेगळे आहेत ते त्यामुळेच. ऑर्कनीवर झाडं जवळजवळ नाहीत, तिथलं पीट मुख्यतः हेदरचं.

दुसरं, ऊर्ध्वपातनात फिनॉल्स उशिरा येतात. मधला चांगला भाग घेणं कधी थांबवायचं, हा निर्णय घेणारा माणूस धुराची पातळी ठरवत असतो. लवकर थांबला तर माल स्वच्छ, उशिरा थांबला तर डांबरट. लफ्रॉइग उशिरापर्यंत घेते, म्हणून ती तशी आहे.

आणि पाणी घालायला बिचकू नका. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर दाखवलं की मद्यार्क जास्त असताना ग्वायकॉलच्या भोवती इथेनॉलचा गराडा पडतो आणि ते द्रवाच्या आत राहतं. पाण्याने मद्यार्क कमी झाला की ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. धुरकट व्हिस्कीत थेंबभर पाण्याने वास खुलतो तो असा.

निशिगंध
हे वाचून फार बरं वाटलं. रसायनीताई, फिनेलचं कळल्यावर तो वास आता मला घाबरवणार नाही! आता चाखण्याबद्दल कुणीतरी सांगा. बर्फ, सोडा, ग्लास, चकणा, सगळंच.

पैलतीर
बर्फ आणि सोडा त्या दिवसापुरते बाजूला. थंडीने वास बंद होतो आणि आपल्याला नेमका वासच हवा आहे.

ग्लास खाली फुगीर, वर निमुळता असावा. ग्लेनकेर्न (व्हिस्की चाखायचा खास ग्लास) मिळाला तर उत्तम, नाहीतर छोटा वाइन ग्लास. बसका, रुंद तोंडाचा ग्लास नको. प्रत्येकात वीस-पंचवीस मिली ओता, वर बशी झाका आणि दहा मिनिटं थांबा. पीटेडमध्ये पहिला वास नेहमी धुराचाच येतो. थांबल्यावर तो जरा बसतो आणि मागचं पुढे येतं.

आधी कल ईला, मग लगावुलिन. उलटं केलंत तर कल ईला पाणीदार वाटेल आणि तो तिच्यावर अन्याय होईल. नाक एकदम आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपासून हळू वर आणा. मग स्वतःला विचारा: हा धूर कसला आहे? विझलेल्या चुलीची राख, कोळसा, डांबर, सुकी मासळी, की दवाखाना? एक नाव मनात धरा आणि मग धूर सोडून द्या. त्याच्या खाली काय आहे? कल ईलात मला लिंबाची साल, ओला दगड, हिरवं सफरचंद मिळतं. लगावुलिनमध्ये मनुका, कडक काळा चहा, जुनं चामडं.

मग छोटा घोट. जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. खरी पीटेड मॉल्ट इथेच उघडते. इथे वेळ द्या, घाई करणाऱ्याला अर्धीच मिळते. धूर परत आल्यावर गोड होतो का कोरडा? खारट लागतो का? किती वेळ टिकतो? मी धुरकट व्हिस्कीचा दर्जा इथे ठरवतो. धूर पहिल्या क्षणी जोरात आला आणि दोन श्वासांत विरला, मागे फक्त कडू राख उरली, तर आकडा कितीही मोठा असो, ती व्हिस्की मला अपुरी वाटते. धूर हळूहळू मागे सरून त्यातून बार्लीची गोडी वर आली, तर ती चांगली.

त्यानंतर चमच्याने दोन-चार थेंब पाणी, आणि हेच सगळं परत. चौघांनी आपापलं लिहून काढा आणि मगच एकमेकांशी बोला. एकाने 'मासळी' म्हटलं की सगळ्यांना मासळीच येते.

चकणा नंतर. आधी मसाला शेंगदाणे किंवा शेव खाल्लीत तर जीभ तिखटाने व्यापून जाते. मध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा पुरे. चाखून झाल्यावर मात्र लगावुलिनबरोबर भाजलेला बांगडा जरूर खा.

मडगावकर
एक गोष्ट आमच्या गोव्यातली. कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची बोल्ड ही पीटेड मॉल्ट, ४६ टक्के. बार्ली भारतातली, पीट स्कॉटलंडहून आणलेलं. इथल्या उष्ण, दमट हवेत व्हिस्की बॅरलमध्ये फार झपाट्याने मुरते आणि बाष्प होऊन उडतेही फार. स्कॉटलंडात वर्षाला साधारण दोन टक्के उडते, इथे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे धुराबरोबर मधाची, मसाल्याची गोडी जास्त. तिसरा ग्लास म्हणून ठेवा. स्कॉच नव्हे, पण धूर तिथलाच आणि हवा आपली, हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

घोटभर
पैलतीर यांची जोडी पटली, टॅलिस्करचा आग्रह सोडतो. फक्त लगावुलिन १६ बजेटबाहेर गेली तर ८ वर्षांची बघा. डिस्टिलरीच्या द्विशताब्दीला, २०१६ साली, काढली आणि मग कायम ठेवली. ४८ टक्के. वयाने लहान असल्याने धूर जास्त धारदार.

रसायनी
हो, बॅरलमध्ये वर्षं जातात तसा धूर उतरत जातो. ८ घेतलीत तर पाणी थोडं जास्त लागेल.

कातळकडा
आर्डबेग पुढच्या खेपेला तरी मागवाच, एवढंच म्हणतो. लगावुलिन, आर्डबेग आणि लफ्रॉइग एकाच किनाऱ्यावर, चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. एकीची ओळख झाली की बाकी दोघींना भेटलंच पाहिजे.

निशिगंध
ठरलं. बहिणीला कल ईला १२ आणि लगावुलिन १६ सांगितल्या, पॉल जॉन बोल्ड इथेच शोधतो. चौघांसाठी वह्याही घेतो. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: विमानाने दोन बाटल्या चालतील ना? आणि उघडल्यावर किती दिवस टिकतात?

पैलतीर
भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. तिकडच्या बाटल्या ७०० मिलीच्या, त्यामुळे दोन बसतात. दुकानातून घेतल्या असतील तर चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर उभ्या ठेवा, आडव्या नकोत. बूच सतत मद्यात बुडालं तर खराब होतं. ऊन नको. अर्ध्याच्या वर भरलेली असेपर्यंत वर्षभरही काही होत नाही, पण तळाशी थोडीच उरली की हवेने धूर फिका पडतो. तेव्हा ती छोट्या बाटलीत काढा, किंवा चौघांना बोलावून संपवा.