मदत हवी आहे : ब्रिटिश रणगाड्यांची गरज कशी मोजत?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश चिलखती दलांवर लिहितोय आणि एका हिशेबात अडकलोय. 1940 मध्ये फ्रान्समध्ये नेलेले जवळपास सगळे रणगाडे तिथेच सोडून यावे लागले. 1942 मध्ये मात्र वर्षभरात सुमारे 8,600 रणगाडे बनले. हा आकडा ठरवताना नुकसानीचा दर कुठून घेत? उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात क्रुसेडर हा ब्रिटिश रणगाडा शत्रूच्या माऱ्याइतकाच नादुरुस्तीनेही बंद पडायचा, आणि त्यातले बरेच दुरुस्त होऊन परतायचे. मग दुरुस्तीत अडकलेले रणगाडे 'गमावलेले' धरायचे की राखीव साठ्यात? मला तर इथेच सगळी मेख वाटते. शिवाय अमेरिकेतून शर्मन रणगाडे येऊ लागल्यावर ब्रिटिश कारखान्यांची उद्दिष्टं कशी बदलली? याबद्दल वाचलेलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.