मदत हवी आहे : सीएमएल, कायनेज म्युटेशनची टेस्ट सोलापुरात होईल का?

सोलापूरकर मंडळी, नमस्कार. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणतात. त्यांना सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. इमॅटिनिबची गोळी ४०० मिलिग्रॅम रोज चालू आहे. आधी रिपोर्ट छान येत होते, आता बीसीआर-एबीएलचा आकडा (रक्तात हा आजार किती उरलाय ते दाखवणारा) परत वर चाललाय. डॉक्टरांनी कायनेज म्युटेशनची, म्हणजे गोळी ज्या प्रथिनावर काम करते त्यात बदल झालाय का ते बघायची, टेस्ट करायला सांगितलंय.

मामा एकच विचारतात, "गोळी चुकवत नाही, मग वाढलं कसं?" खरंच चुकवत नाहीत. भाकरी खाऊन, तांब्याभर पाण्याबरोबर घेतात आणि मामी लगेच कॅलेंडरवर खूण करते.

मी वाचलं ते असं : ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एबीएल हे कायनेज बीसीआरला जोडलं जातं आणि कायम चालू राहतं. कायनेज दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं, पेशीला वाढायचा निरोप जातो. इथे तो थांबतच नाही. इमॅटिनिब एटीपीच्या (कायनेजला फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) जागेत बसून हे बंद पाडतं. पण या कायनेजमध्ये टी३१५आय नावाचा बदल झाला असेल तर इमॅटिनिबच काय, डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही पुढची औषधंही लागू पडत नाहीत. म्हणून टेस्ट आधी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

इथे रक्त घेऊन नमुना पुण्या-मुंबईला पाठवणारी लॅब कुणाला माहीत आहे का? की सिद्धेश्वर एक्सप्रेसनं थेट परळला टाटा हॉस्पिटल गाठावं? खर्च किती येतो? आणि कुणाच्या घरी पोनॅटिनिब (टी३१५आय असला तरी चालणारी गोळी) चालू असेल तर कृपया सांगा, त्रास काय होतो आणि गोळी मिळते कुठे?