मदत हवी आहे: मुलांना संगीत नाटकाचा इतिहास कसा शिकवू?
नमस्कार मंडळी. वाशीत दर शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना संगीत नाटकाचा इतिहास शिकवतेय. भावे नाट्यगृहावरून रोज जाणाऱ्या या मुलांना मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे कोण हेच ठाऊक नव्हतं! १८४३ चं त्यांचं ‘सीतास्वयंवर’, १८८० चं किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ इथवर निभावलं. पण नाटकातलं पद लावलं की पहिल्याच तानेला मागच्या बाकावर खुसखुस. एकाने तर विचारलं, “टीचर, हे स्किप होतं का?” स्त्री-भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचा शालूतला फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा मात्र सगळे तो बघायला तुटून पडले.

आता बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगळ्या नाटक कंपन्यांचे गायक-नट एकत्र उभे राहिले तो १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग घ्यायचाय. पाऊण तासात कोणतं पद ऐकवू? की मुलांकडूनच म्हणवून घेऊ? ठाणे-नवी मुंबईतलं कुणी पेटी घेऊन तासभर येईल का? चहा-वडापाव माझ्याकडून.