दुसरीतली मुलगी 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिते, काय करू?

नाशिकची_आई
नमस्कार सगळ्यांना. माझी लेक दुसरीत आहे, मराठी माध्यम. तोंडी हिशोब तिला छान येतो, म्हणजे पंचवीस रुपयातले दहा खर्च केले तर किती उरले विचारलं की पटकन पंधरा म्हणते, दुकानात सुटे पैसेही बरोबर मोजून घेते. पण वहीत 'पंचवीस' लिही म्हटलं की ५२. सत्तावीसचे ७२. परवा मी शेजारी बसून नीट बघितलं तर ती आधी ५ लिहिते, मग २ कुठे लिहायचा यात अडकते, डावीकडे लिहिला तर बरोबर येतं आणि उजवीकडे लिहिला तर चुकतं, आणि तिला स्वतःला दोन्ही सारखंच वाटतं. 'एकोणसाठ'ला तर ६१ लिहिलं. मी जरा आवाज चढवला तर रडायलाच लागली, म्हणाली "तू म्हणालीस तसंच तर लिहिलंय."

शाळेतून उपाय काय, तर १ ते १०० अंकी आणि अक्षरी दहा वेळा लिहून आणा. पाच वेळा लिहून झालंय, बघून लिहिते त्यामुळे सगळं बरोबर, आणि वही मिटली की परत पंचवीसचे ५२. काही प्रॉब्लेम असेल का तिच्यात? डॉक्टरांना दाखवू का?

अजून एक, वजाबाकी मी शिकवते ती पद्धत बाईंना चालत नाही, लाल रेघ मारून पाठवतात. उत्तर बरोबर असूनही.

खडू_फळा
ताई, आधी घाबरू नका. मी जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, दरवर्षी वर्गात अशी पाच-सहा मुलं असतातच. तुमची लेक म्हणतेय ते अगदी खरंय हो, ती ऐकलं तसंच लिहितेय. आपण बोलताना पाच आधी म्हणतो, पंच-वीस, आणि लिहिताना वीसचा २ आधी लिहितो. इंग्रजीत वीसच्या पुढे ट्वेंटी फाइव्ह, आधी दोन मग पाच, बोलणं आणि लिहिणं एका दिशेनं चालतं. आपल्याकडे उलटं चालतं आणि हे उलटं आहे हे आपण मुलांना कधी सांगतच नाही, कारण आपल्या स्वतःच्याच लक्षात येत नाही इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

त्यात परत नावं बघा, पन्नास म्हणून शिकवायचं आणि पुढे बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न, म्हणजे पन्नास कुठे गेले? साठचं सष्ट होतं, सत्तरचं हत्तर होतं. मुलाला ऐकून 'बावन्न'मध्ये पन्नास आहेत हे कळायला काही मार्गच नाही, शंभर नावं जवळजवळ शंभर वेगळे शब्द म्हणून पाठ करावी लागतात.

मी काय करते ते सांगते. काड्या घ्या, आइस्क्रीमच्या नाहीतर झाडूच्या हिराच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. बावन्न म्हटलं की पाच गठ्ठे आणि दोन सुट्या तिनं समोर मांडायच्या, मांडताना तोंडानं म्हणायचं "पन्नास आणि दोन, बावन्न". गठ्ठे नेहमी तिच्या डाव्या हाताला. आधी मांडायचं, मग म्हणायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. पहिला आठवडा पेन्सिल हातात देऊच नका.

मग कार्डं करा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची होतात. १०, २० ते ९० ही लांब कार्डं आणि १ ते ९ त्यांच्या बरोब्बर अर्ध्या लांबीची. ५० चं कार्ड ठेवायचं आणि २ चं कार्ड त्यातल्या शून्यावर ठेवायचं, झाले ५२. २ उचलला की खाली शून्य दिसतं, म्हणजे पन्नास कुठे लपले होते ते मुलाला डोळ्यानं दिसतं. हे का करायचं, तर नुसतं 'पन्नास आणि दोन' म्हणायला शिकवलं की काही मुलं ५०२ लिहितात, तशीच मुलं तिसरीत एकशे पाचला १००५ लिहितात. कार्डं हाताळली की ते होत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा उजळणीला कंटाळून बाकाखाली जाऊन बसायचा, तो ही कार्डं घेऊन मधल्या सुट्टीत दुसऱ्यांना शिकवायला लागला.

आणि दहा वेळा लिहिण्याचं म्हणाल तर बाईंशी प्रेमानं बोला, एका वर्गात पन्नास मुलं असली की बाईंचाही नाइलाज असतो, पण बघून लिहिण्यानं ही चूक जात नाही एवढं मी अनुभवानं सांगते.

सोलापूरचा_बंड्या
माझी आई कानडी, वडील मराठी, त्यामुळे दोन्ही भाषेत मोजत मोठा झालो. कानडीत एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, इप्पत्तु म्हणजे वीस आणि ओंदु म्हणजे एक, सरळ वीस-एक. माझी आजी शाळेचं तोंड न बघितलेली पण हे असं फोडून म्हणायची त्यामुळे बेरीज तोंडी धडाधड करायची. मला शाळेत मराठी आकडे लिहिताना अडलं की मी मनात कानडीत म्हणून बघायचो आणि मग लिहायचो, कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, सत्तर दोन असं आलं आणि सगळीकडे मराठी बुडाली म्हणून आरडाओरडा झाला तेव्हा मला फार वाईट वाटलं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या परोपरीनं सांगत होत्या की जुनं काढलेलं नाही, दोन्ही दिलंय, मुलांना सोपं जावं म्हणून. ऐकून कोण घेतंय.

पाढेवाले_आजोबा
माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही तिसापर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतिनाची) असे अपूर्णांकांचे पाढे सगळे रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसून म्हणत असू आणि आज ७६ व्या वर्षी भाजीवाल्याकडे साडेतीन किलोचा हिशोब त्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगतो. आठ औट अठ्ठावीस, विषय संपला. पाठांतराला आता सगळे नावे ठेवतात पण मुलांचे कान त्या वयात फार तयार असतात, बे एके बे, बे दुणे चार, हा ठेका एकदा बसला की जन्मभर पुरतो. बावन्न, त्रेपन्न हे शब्द आपल्या आजीपणजीने वापरलेले आहेत, ते मुलांच्या तोंडून गेले तर मला यातना होतील.

मात्र एक गोष्ट कबूल करतो. एकोणसाठ म्हणजे 'एक ऊन साठ', साठाला एक कमी, हे मला माझ्या वडिलांनी सांगितले तेव्हा मी चौथीत होतो. तोवर नुसते म्हणत होतो. ऊन म्हणजे कमी, वजाबाकीत उणे म्हणतो तेच. त्या दिवशी २९ चा पाढा मला आपोआप आला, कारण तिसाचा पाढा येत होता. तीस साते दोनशे दहा, त्यातून सात गेले, दोनशे तीन. तुमच्या मुलीने ६१ लिहिले कारण तिला 'एक' आणि 'साठ' ऐकू आले, आणि त्यात तिचे काय चुकले? मधल्या 'ऊन'चा अर्थ कोणी सांगितलाच नाही.

खडू_फळा
आजोबा, किती छान सांगितलंत! तुमचं माझं भांडण नाहीच. शब्द जाऊ द्यायचे नाहीत, शब्दाच्या आत काय आहे ते मुलाला उघडून दाखवायचं, मग खुशाल पाठ करू दे. पाठांतर आधी आणि अर्थ कधीतरी नंतर, हे माझ्यानं बघवत नाही, कारण ते 'नंतर' बऱ्याच मुलांच्या वाट्याला येतच नाही.

म्युनिकहून_मी
जर्मनीतही हेच रामायण आहे. पंचवीसला फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश, म्हणजे पाच-आणि-वीस, डिट्टो मराठी. माझा मुलगा घरी मराठी बोलतो आणि शाळेत जर्मन, म्हणजे दोन्हीकडून उलटंच ऐकतो, पहिलीत फोन नंबर लिहून घेताना सगळे आकडे फिरवायचा. त्याच्या बाई शांतपणे म्हणाल्या की निम्म्या वर्गाचं होतं, वेळ द्या. नॉर्वेत तर १९५१ साली सरकारनंच ठरवून आधी दशक मग एकक असं बोलायचं सुरू केलं. त्यामुळे ताई, मुलीत दोष शोधू नका प्लीज.

हातचा_एक
वजाबाकीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय, पाचवीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. तुम्ही बहुतेक जुन्या पद्धतीनं शिकवताय. ५२ वजा २७ घ्या. जुनी पद्धत, दोनातून सात जात नाहीत, हातचा घेऊन बारा, बारातून सात गेले पाच, मग खालच्या २ ला हातचा देऊन ३, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. आता शाळेत काय शिकवतात, वरच्या पाच दशकांतला एक सोडवायचा, चार दशक आणि बारा एकक, बारातून सात पाच, चारातून दोन दोन, उत्तर तेच.

दोन्ही बरोबरच आहेत. जुन्या पद्धतीत वरही दहा वाढवले आणि खालीही दहा वाढवले म्हणून फरक तोच राहतो, तुमच्या आणि लेकीच्या वयातलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच असणार तसं. पण हे सात वर्षांच्या मुलाला काड्यांनी दाखवता येत नाही, खालच्या संख्येला दहा कुठून आले याचं उत्तर समोर मांडून देता येत नाही. नव्या पद्धतीत गठ्ठ्याचं रबर काढलं की झालं. म्हणून दुसरीत शाळेचीच पद्धत चालू द्या, दोन्ही एकदम आल्या की मुलं वरचाही कमी करतात आणि खालचाही वाढवतात आणि उत्तर १५ काढतात, माझ्याकडे अशी पुष्कळ येतात.

नाशिकची_आई
बरोब्बर १५ च काढलं होतं तिनं एकदा! मी तिला धांदरट म्हणाले होते, आता वाचून फार लागलं मनाला.

नाशिकची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. हिराचे गठ्ठे केले, कार्डं भावाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांची केली. पहिले चार दिवस नुसतं मांडणं. आता लिहिताना ओठातल्या ओठात "वीस आणि पाच" म्हणते आणि मग २५ लिहिते, घाईत असली की अजून उलटं होतं पण स्वतःच थांबून खोडते. बाईंना भेटले, त्यांनी दहा वेळा लिहिणं थांबवलं आणि कार्डं वर्गात आणायला सांगितली, मीच उगीच घाबरत होते बोलायला.

एकोणसाठचं आजोबांनी सांगितलं तसं सांगितलं तर दिवसभर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास करत फिरत होती, एकोणनव्वदपर्यंत गेली आणि मग मला विचारते, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" काय सांगू तिला?

पाढेवाले_आजोबा
तिला सांगा आजोबांनी शाबासकी दिली आहे. मी ७६ वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नाही. तुम्ही म्हणा खुशाल एकोणशंभर घरात, आणि शाळेत नव्व्याण्णव.