शब्दचर्चा : बाप्तिस्मा की स्नानसंस्कार? आणि ‘घेतला’ की ‘झाला’?

प्रश्न : भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. भाचीचे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर नगरचे, प्रोटेस्टंट. आमंत्रणाचा मजकूर माझ्याकडे आलाय. वसईकर ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, नगरकर ‘बाप्तिस्मा’. योग्य मराठी शब्द कोणता? आणि बाळाने बाप्तिस्मा ‘घेतला’ म्हणायचे की बाळाचा ‘झाला’?

प्रतिसाद : दोन्ही शब्द मराठीच आहेत, कुणाला डावे-उजवे ठरवू नका. ‘स्नानसंस्कार’ हा कॅथलिक उपासनेतला शब्द. सात संस्कारांच्या रांगेत तो चपखल बसतो, आणि त्याच धर्तीवर येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला तिकडे ‘स्नापक योहान’ म्हणतात. ‘बाप्तिस्मा’ ग्रीकमधून आला, पण मराठीत इतका मुरला की अगदी ‘चष्मा’सारखा चालतो : चष्म्याला, बाप्तिस्म्याला; चष्मे, बाप्तिस्मे. हिंदीतला ‘बपतिस्मा’ अलीकडे मराठी मजकुरात शिरू लागलाय, तो मात्र टाळा.

मला स्वतःला ‘बाप्तिस्मा’ जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. मूळ ग्रीक क्रियापदात बुडवण्याचा अर्थ आहे, धुण्याचाही आहे. भाषांतर करायला बसलात की पाणी किती, हा वाद लगेच उभा राहतो. बंगालीत हे घडलेले आहे. तिथे बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी नव्या करारात ‘बुडवणे’ या अर्थाचा देशी शब्द घातला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला मदत नाकारली. बाप्टिस्टांनी १८४० साली लंडनमध्ये बायबल ट्रान्स्लेशन सोसायटी ही वेगळी संस्था काढली. अमेरिकेतही याच बंगाली नव्या करारावरून फूट पडली आणि १८३६ साली दुसरी बायबल सोसायटी निघाली. एका क्रियापदापायी दोन खंडांत चुली वेगळ्या झाल्या!

मराठी बायबलमध्ये शब्द ग्रीकच राहिला, म्हणून तान्ह्याच्या कपाळावर पाणी शिंपडणारे पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसाला पूर्ण बुडवणारे पाळक एकाच पानावरून वाचू शकतात : ‘प्रभू एकच, विश्वास एकच, बाप्तिस्मा एकच’ (इफिसकरांस पत्र ४:५). पाणी किती, हे तो शब्द सांगत नाही. मला हे त्याचे बळ वाटते.

आता क्रियापद. बाळाचा बाप्तिस्मा ‘होतो’, पाळक तो ‘देतात’. ‘घेतला’ म्हटले की घेणाऱ्याने समजून-उमजून, स्वतः कबुली देऊन घेतला असा अर्थ निघतो. ‘झाला’ आणि ‘घेतला’ यांत दोन परंपरा आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या (म्हणजे वेगवेगळी चर्च) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि फक्त विश्वासणाऱ्या प्रौढांना बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. वाटाघाटी कित्येक वर्षे चालल्या होत्या. शेवटी दोन्ही वाटा मान्य झाल्या : एक तर तान्हेपणी बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात दृढीकरण (म्हणजे विश्वासाची स्वतः कबुली देण्याचा विधी), नाहीतर तान्हेपणी बाळाचे समर्पण आणि जाणत्या वयात बाप्तिस्मा. दोन्हीकडून येणारा माणूस सारखाच सभासद. एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक ‘माझा झाला’ म्हणतो, दुसरा ‘मी घेतला’ म्हणतो, आणि दोघांच्या हातात प्रभुभोजनाची तीच भाकर असते. ऐक्याबद्दल कुणी विचारले की मी नागपूरचेच उदाहरण देते.

आमंत्रणात ‘बाळाचा बाप्तिस्मा (स्नानसंस्कार)’ लिहा. विधी वसईच्या चर्चमध्ये असेल तर क्रम उलटा करा.

दुसरा प्रतिसाद : वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून दोन गोष्टी. ‘बाप्तिस्मा’ला ‘ख्रिस्ती बारसे’ म्हणू नये. विधीत नाव उच्चारतात हे खरे, पण नाव ठेवणे हा त्याचा हेतू नव्हे. आणि ‘धर्मांतर’ हा प्रतिशब्द तर साफ चूक. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या बाळाचाही बाप्तिस्मा होतोच, ते कुठून कुठे गेले?

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचा तान्हेपणी झाला होता. आता ती ज्या मंडळीत जाते तिथे पुन्हा घ्यायला सांगतात. त्याला ‘पुनर्बाप्तिस्मा’ म्हणायचे का?

पहिल्याच लेखिकेचा प्रतिसाद : जपून. हा शब्द उच्चारला की तुम्ही एका बाजूला जाऊन बसलात. देणारे म्हणतात, तान्हेपणीचा तो बाप्तिस्माच नव्हता, हाच पहिला. दुसरे म्हणतात, तो एकदाच होतो. ‘प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्मा’ म्हटलेत तर दोघांच्याही कानांना खुपणार नाही.

माझे मत विचाराल तर बाप्तिस्मा एकदाच. १९८२ साली पेरूतल्या लिमा इथे जागतिक मंडळी परिषदेच्या आयोगाने मसुदा मंजूर केला, त्यात बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही असे स्पष्ट आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला असेल, तर प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही ग्राह्य धरते. करिंथच्या मंडळीत गट पडले होते, तेव्हा नव्या करारातल्या प्रेषित पौलाने हाच मुद्दा पुढे केला : तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला काय? देणारा कोण, यावरून गट पाडायचे नाहीत. मैत्रिणीला रागावू नका मात्र. तिची ओढ खरी असणार.

प्रश्न : आणि ज्यांनी घेतलाच नाही, पण ख्रिस्ताला मानतात, ते?

प्रतिसाद : हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फार आतून भिडला होता. १८९५ साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट सोसली. त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार! तरी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांही ख्रिस्तशिष्यांसाठी. दोनच वर्षांत ते गेले. टिळकांचे हे पाऊल वाचल्यापासून, आमच्या मंडळीत येणाऱ्या कुणाबद्दल बोलताना ‘त्यांनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही’ या वाक्यातला ‘अजून’ मी गाळते.